आणखी कोणी नाही

प्रिय वच्छू,

फोनवर तू तीनदा ‘बघू की अक्का’ म्हणालीस आणि चौथ्यांदा फोन तुझ्या नवऱ्यानं, गुरप्पानं उचलला, म्हणून हे पत्र. शिवायला दिलेल्या तुझ्या ब्लाउजच्या घडीत घालून मंद्रूपला पाठवतेय. बाह्या सैल केल्यात, पण ते आपलं निमित्त. मला तुझं रक्त हवंय, एवढीशी बाटली, सोलापुरात येऊन दिलेलं. बहिणीनं बहिणीकडे मागावं असं हे फार मोठं नाही. तू माझं याहून मोठं घेतलंयस.

त्या क्लिनिकात मी गेले ते साखर तपासणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून. लहानपणापासून ज्यांचं वजन आवरत नाही त्यांच्या रक्तात पिढीजात काही असतं का, याचा तिथं अभ्यास चालतो. मी तयारीनं गेले होते. कुणीतरी म्हणणार, बाई, तोंडाला कुलूप लावा, आणि मी मान डोलावणार. पण तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते, वच्छू. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी दवाखान्यात न अडकता बसले आणि तेवढ्यावरच मला रडू आलं. आठवतंय ना, अप्पा मला बाजारात भुसाराच्या काट्यावर उभं करायचे आणि आडत्या विचारायचा, ‘ह्ये काय आनलंय, तूर का हरभरा?’ सगळे हसायचे. अप्पाही हसायचे. मीही हसायला शिकले, कारण जाड्या माणसानं आधी हसून घेतलं की लोक जरा कमी बोलतात.

तिथल्या डॉक्टर बाई वयानं तुझ्याएवढ्याच असतील. किती खाता, असं त्यांनी विचारलंच नाही. पोट भरलेलं कळतं का, म्हणाल्या. मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, ताट रिकामं झालं की कळतं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं, की आतून ‘पुरे’ म्हणणारं जे काही असतं ते काहींच्या अंगात जन्मापासूनच नीट चालत नाही, त्याला हावरटपणा म्हणत नाहीत. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि अशी संतापले की आईला तिथल्या तिथं फोन लावणार होते. भाकरीची दुरडी माळ्यावर चढवून, शेताला जाताना ती तुला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवून जायची. सात वर्षांची राखणदार. ती आली की तू सांगायचीस, ‘आये, अक्का आत गेलती.’ मला रट्टे, तुला गुळाचा खडा. यात तुझा दोष नाही असं लिहायला हवं. पण मी तुला दोष देते. थोडा देते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी आपल्या घराण्याचा तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नवरा-बायकोमध्ये रेघ. नात्यातलं लग्न असेल तर रेघ दुहेरी. मी सांगत गेले. अप्पा आणि आई, मामा आणि सख्खी भाची, दुहेरी रेघ. डॉक्टर बाई मान वर न करता काढत होत्या आणि मला आपली माणसं आठवत होती, मिशीला पीळ देऊन सांगणारी, ‘आमच्यात पोरगी भाईर जात न्हाय.’ पोरगी बाहेर गेली नाही, तसं रक्तातलं हेही गेलं नाही. एकाकडून आलं तर ते दडून राहतं, दोघांकडून आलं की उघडं पडतं, असं त्या म्हणाल्या. माझं वर्तुळ त्यांनी पेनानं काळं केलं. शेजारी तुझं काढलं, कोरं. मग गुरप्पा, आपल्या मामाचा मुलगा. पुन्हा दुहेरी रेघ.

ती रेघ माझी होती, मी पाळण्यात असल्यापासून. गुरप्पा दर उन्हाळ्यात माझ्यासाठी कागदात बांधून शेंगाची चिक्की आणायचा, दुसऱ्या कुणी मला कधी हातानं खाऊ दिला नाही. मग मामी सुपारी घेऊन आली, ओसरीवर मला पाहिलं आणि म्हणाली, ‘पोरगी हाय का कणगी? धाकटी द्या की.’ तो खाली मान घालून बसला होता. त्याच सुपारीवर तुझं ठरलं. तुला कुणी विचारलं नाही हे मला ठाऊक आहे. पण तू नाहीसुद्धा म्हणाली नाहीस. मी आता नव्या पेठेत साड्यांना फॉल लावते, मागच्या खोलीत, कारण गिऱ्हाइकांपुढे मी दिसलेली मालकाला चालत नाही.

तुमच्या दोघांच्या खाली डॉक्टर बाईंनी एक लहान वर्तुळ काढलं, तुझ्या आरोहीचं, आणि विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे? मी म्हटलं, आणखी कोणी नाही. पोरीबद्दल असलं चारचौघांत बोलू नये, पुढं लग्नाला आडवं येतं, म्हणून गप्प बसले असं लिहिलं तर तुला पटेल. पण ते खोटं आहे. दिवाळीत मी पाहिलं होतं. तीन वर्षांची पोर परातीतलं कच्चं पीठ मुठीनं तोंडात कोंबत होती, तुझी सासू ‘गुटगुटीत हाय’ म्हणून कौतुक करत होती, आणि तू त्या एवढ्याशा हातावर उलथणं मारलंस. तेव्हा मला बरं वाटलं. त्या खुर्चीत बसून खोटं बोलतानाही बरं वाटलं. म्हटलं, आता भोगू दे यांनाही. लेकराच्या भुकेवर मी माझा सूड उगवला, वच्छू, आणि महिनाभर मला त्याची लाज वाटतेय. काल जाऊन खरं सांगून आले. औषधाची त्या खात्री देत नाहीत, पण लहानपणीच कळलं तर पुष्कळ काही करता येतं, म्हणाल्या. बुधवारी सकाळी दहाला तुम्हा तिघांची नावं लिहिलीत. गुरप्पालाही आण, मी त्याच्याशी बोलणार नाही, पण त्याचंही रक्त लागेल. मामीला काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि आलीच नाहीस, तरी एवढं कर. तिला मारू नकोस. तिला खरंच भूक लागलेली असते.

तुझीच,
दाक्षायणी अक्का