दुर्बिणीतला डाग

प्रिय धाकटे,

फोन करायचा सोडून ताईने पत्र धाडलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. बिनसलंय. पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन उचलायचा नाही. मला भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की मी भांडते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? गेले दोन महिने मी एका गरीब दुर्बीणवाल्याचा जीव खाल्ला.

पेन्शन सुरू झाल्यापासून मनात होतं की एक चांगली दुर्बीण घ्यायची. भिंगांची, सरळ नळीची, आरशांची नको. काच हा माझा प्रांत. एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या उजेडाच्या पेटीसमोर धरून मी बुडबुडा शोधला, चीर शोधली आणि खोकेच्या खोके परत पाठवले. भट्टीवरची माणसं मला पाठीमागे नापासबाई म्हणायची, तेही मला ठाऊक होतं. तर दुकानात गेले. दुर्बीणवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम, डोळ्याने बघायचंय की फोटो काढायचेत? मी म्हटलं, दोन्ही. त्याने असा चेहरा केला की जणू मी एका वेळी दोन नवरे मागितले. मग समजावत बसला. डोळ्याने बघायचं तर लांब नळी घ्या, पुढचं भिंग मोठं घ्या. चंद्राच्या कडेला जरा जांभळी झाक दिसेल, पण डोळा ती माफ करतो, कॅमेरा करत नाही. फोटो हवेत तर नळी आखूड, काच मात्र अशी की सगळे रंग एका ठिकाणी आणील, आणि स्टँड इतका जड की उचलताना कंबर बोलेल, कारण कॅमेरा एका ठिपक्याकडे तासभर टक लावून बसतो. मी म्हटलं, फोटो जगभर पडलेत, मला माझ्या डोळ्याने बघायचंय. लांब नळीची, चार इंची भिंगाची घेतली. फार मिरवत घेतली.

पहिल्याच संध्याकाळी अर्धा चंद्र वर होता. आयपीसला, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाला, डोळा लावला तर बरोबर मधोमध राखाडी डाग, कुणी अंगठा पुसावा तसा. ज्या विवराकडे बघावं तेच गायब, बाकीची सगळी जागच्या जागी. सकाळी समोरच्या पाण्याच्या टाकीवर नळी रोखली, तर टाकीची लोखंडी शिडी मध्येच पोट आल्यासारखी फुगलेली. मला आनंद झाला, धाकटे. खरंच सांगते. निवृत्त होऊनही माझी नजर शाबूत आहे असं वाटलं. दुर्बीण परत पाठवली. दुसरी आली, तिच्यातही तोच डाग, तीच शिडी. मग मी दुकानदाराला दोन पानी पत्र लिहिलं की तुमचा अख्खा माल सदोष आहे, आणि तो पास करणाऱ्याला माझ्या हाताखाली सहा महिने पाठवा. तो बिचारा फोनवर म्हणाला, मॅडम, पुढच्या भिंगावर डाग असला तरी तो असा मधोमध दिसत नाही. मी म्हटलं, मला काच शिकवू नका.

मग तो स्वतः आला. चार जिने चढून, धापा टाकत, खांद्यावर बॅग. भर दुपारी. आल्या आल्या आयपीस बदलून बघितला. डाग तसाच. मग आयपीस काढून तिथे कॅमेरा जोडला, टाकीचा फोटो काढला आणि लॅपटॉपवर मोठा करून माझ्यासमोर ठेवला. शिडी सरळ. पायऱ्या मोजाव्यात इतकी स्वच्छ. मी म्हटलं, कॅमेरा चुका झाकत असेल. त्याने आयपीस परत बसवला आणि अगदी हळू म्हणाला, मॅडम, जरा डाव्या डोळ्याने बघता का? मला संतापच आला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी सूक्ष्मदर्शकापाशी डावा डोळा मिटायची शिस्त लावली ती पंचावन्न वर्षं सुटली नाही, आणि हा मला बघायला शिकवतोय. त्याला गप्प करावं म्हणून डावा डोळा लावला. शिडी सरळ होती. डाग नव्हता. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, वायरी गुंडाळल्या, पाणी प्यायला, आणि म्हणाला की दुर्बीण पाहिजे तेव्हा बदलून देईन, घाई करू नका.

तो गेल्यावर मी घरभर एकेक डोळा मिटत फिरले. दोन्ही उघडे असले की डावा उजव्याचं सगळं सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. दाराची चौकट उजव्या डोळ्याला वाकडी. आरशात बघितलं तर मला नाकच नाही. ज्या नाकावर राग असतो म्हणून तुम्ही सगळे मला हसता, तेच. आणि दाराच्या चौकटीवरून आई आठवली. तिने सुताराला बोलावलं होतं, आठवतं? चौकट वाकली म्हणून. सुताराने ओळंबा लावून दाखवला, तरी ती ऐकेना, आणि मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं की वय झालं की माणसाला जगच वाकडं दिसतं. पुढे ती आपल्याकडे तिरकं बघायला लागली, आपल्या कानापाशी कुणी उभं असावं तसं. आपण तिची नक्कल करायचो. तू जास्त चांगली करायचीस. धाकटे, तिला समोरचं दिसत नव्हतं. आपले चेहरे बघायला ती कडेने बघत होती. हे मी डॉक्टरांनाही सांगितलं.

हो, डॉक्टरांकडे गेले. पण अकरा दिवसांनी. एकतीस वर्षांत एक बाटली मी दुसऱ्या दिवसावर ढकलली नाही, आणि स्वतःचा डोळा अकरा दिवस लपवून बसले, कारण कुणी मला नापास म्हणेल ही भीती होती. डॉक्टर माझ्या भाचरांच्या वयाची मुलगी. तिने मला चांगलंच झापलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध नको त्या शिरा वाढल्यात, त्या पाझरतात, आणि यात दिवस मोजायचे असतात, आजी. आजी म्हणाली मला. इंजेक्शन डोळ्यातच देतात, दर महिन्याला. तिने औषधाची बाटली काढली, तर मी सवयीने हातात घेऊन उजेडाकडे धरली. डाव्या डोळ्याने. काच निर्दोष होती. मग टेबलावर आडवी झाले आणि सुई येताना एवढी थरथरले की नर्सने माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दुखलं नाही फारसं. गेलं ते सगळं परत येईल असं ती म्हणत नाही. उरलेलं बहुधा राहील म्हणते. डाव्याची खात्री देत नाही.

दुर्बीण बदलून घेतली. आखूड नळीची, चांगल्या काचेची आणली, जड स्टँडसकट. डावा डोळा आहे तोवर डाव्याने बघीन. पुढे कॅमेरा लावीन आणि चित्र भिंतीएवढं मोठं करून, लागलंच तर आईसारखं कडेने बघीन. दुर्बीणवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही भांडलात तेच बरं वाटत होतं.

आता पत्राचं कारण. गेल्या रविवारी तू फोनवर अर्धा तास त्या गवंड्याला शिव्या घालत होतीस, की स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेघा नागमोडी बसवल्या, आणि मेहुण्यांना काही दिसतच नाही, ते त्याचीच बाजू घेतात. मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, सख्खी बहीण आहे का? हे घराण्यात उतरतं म्हणाली. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, मी ओरडले असते आणि तू हट्टाने गेली नसतीस. सोबत बारीक चौकटी आखलेला एक कागद आहे, मधोमध ठिपका काढलाय. चष्मा लाव, वाचताना धरतेस तेवढ्या अंतरावर धर, एक डोळा हाताने झाक आणि ठिपक्याकडेच बघ. मग दुसरा. एक रेघ जरी वाकली, एक चौकट जरी पुसली गेली, तरी मेहुण्यांना गाडी काढायला सांग, आजच, चहासुद्धा थांबू दे. नाही वाकली तरी उद्या जाऊन दाखव. आणि त्या गवंड्याशी दोन दिवस बोलू नकोस. फरशी वाकडी निघाली, तर मी स्वतः येऊन त्याच्याशी भांडेन, आणि आयुष्यात इतक्या आनंदाने कुणाशी भांडले नसेन.

फोनपाशी बसून असलेली,
तुझीच ताई