सात आकडे, एका ओळीत

३ जानेवारी, सकाळी ७.१०

आजवर स्वतःच्या हातांनी केलेली कामं, नोंद असावी म्हणून. स्वयंपाकघरातलं कपाट (वरचा ड्रॉवर उघडायचा तर खालचा आधी बंद करावा लागतो; हे मुद्दाम). दाराची बेल. गीझर, दोनदा. बायकोच्या शिलाई मशीनला मोटर. गॅलरीतली घडीची खुर्ची, जिच्यावर मी एकटाच बसतो, कारण बाकीच्यांना बसायची पद्धत कळत नाही. कुठल्या क्लासला गेलो नाही. कुणी शिकवलं नाही.

यंदाचं काम: परदेशातून मागवलेली मोटरसायकल. दोन सिलिंडर, वय चौसष्ट, म्हणजे माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. बोटीवर चढली आहे. कस्टम्सचे फॉर्म मीच भरले. एजंट म्हणत होता, मी करून देतो. त्याला सांगितलं, मला वाचता येतं.

१८ जानेवारी

गाडी आली. खोकं दारापेक्षा चार बोटं रुंद निघालं. मेहुण्याने विचारलं, भावजी, माप घेतलं नव्हतं का. घेतलं होतं. गाडीचं. खोकं पायरीवर फोडून गाडी पुढच्या खोलीत आणली. नंबरप्लेट नसलेली गाडी रस्त्यावर उभी करता येत नाही, हा नियम मी मेहुण्याला वाचून दाखवला. त्याचं लक्ष नव्हतं, त्याच्या पायावर खोक्याची फळी पडली होती.

बायकोने आठवण दिली, की १ एप्रिलपासून पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास सुरू होणार आहे. अकरा जणींनी नावं दिलीत. बारा वर्षं ती ओट्याशेजारच्या कोपऱ्यात लोकांचे कपडे शिवते आहे, हेही म्हणाली. मला माहीत आहे, मोटर मीच बसवली.

३१ मार्च, संध्याकाळी सहापर्यंत खोली रिकामी. तसं लेखी दिलं. तिने कागद मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

५ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. प्रत्येक नट वेगळ्या काडेपेटीत, वर चिठ्ठी. काडेपेट्या १४२. सोफा स्वयंपाकघरात हलवला. बायको म्हणते ओव्हनचं दार आता पूर्ण उघडत नाही. अर्धं उघडतं.

२१ फेब्रुवारी, दुपारी

धक्कादायक शोध. हँडलखाली, मानेजवळ, चासीवर गाडीचा नंबर ठोकलेला आहे. रजिस्ट्रेशनच्या वेळी इन्स्पेक्टर हाच नंबर कागदांशी ताडून बघतो. अख्ख्या गाडीत सगळ्यात महत्त्वाची जागा ही, आणि काम काय केलंय! सात आकडे, त्यातले दोन डावीकडे कललेले, एक उथळ, शेवटचा ओळीच्या खाली घसरलेला. चौसष्ट वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

असली गाडी मी अधिकाऱ्यापुढे ठेवणार नाही.

२३ फेब्रुवारी, रात्री ९

झालं. जुने आकडे कानशीने घासून सपाट केले, पॉलिश पेपर मारला, आकड्यांचे नवे पोलादी ठसे आणून तेच सात आकडे त्याच क्रमाने पट्टी लावून ठोकले. अंतर सगळीकडे अडीच मिलिमीटर. आधी टाकाऊ पत्र्यावर सहा वेळा सराव केला. आयुष्यातलं सर्वोत्तम काम. बायकोला भिंग देऊन दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे असं चालतं का हो? जिला शिलाई सरळ लागते तिला आकडे सरळ नकोत, याचं नवल वाटलं.

१२ मार्च

मोठा विजय. रजिस्ट्रेशन ऑफिसने गाडी टेम्पोत घालून आणायला सांगितलं होतं. मी नियमावली चाळून दाखवून दिलं, की विशेष कारण असल्यास पाहणी वाहन असेल त्या जागी करता येते. कारकून म्हणाला, पंधरा वर्षांत हे कुणी मागितलं नाही. अर्थात.

१९ मार्च, सकाळी ११.३०

इन्स्पेक्टर येऊन गेले. गंभीर, अभ्यासू माणूस. चहाला नको म्हणाले. बॅटरी लावून नंबर बघितला, अंगठा फिरवला, पुन्हा बघितला. मग वर मान करून विचारलं,

"हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं. "सगळं माझ्याच हातचं आहे."

"आधीचे आकडे?"

"एकही शिल्लक ठेवला नाही."

त्यांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सरकारी कागदावर माझं काम माझ्या शब्दांत नोंदलं गेलं. मेहुण्याला फोन करून सांगितलं. "सही केलीत?" असं त्याने तीनदा विचारलं. लाइन खराब असावी.

त्याच दिवशी, दुपारी ४

इन्स्पेक्टर परत आले, सोबत एक शिपाई. पुढच्या चाकातून तार ओवून खिडकीच्या गजाला बांधली आणि शिशाचं सील ठोकलं. सुरक्षेसाठी असावं. सोबत पत्र: निर्णय होईपर्यंत वाहन जागेवरून हलवू नये, हात लावू नये. गाडी ऑफिसात नेली असती तर सील तिथेच लागलं असतं, असं शिपाई जाताना म्हणाला. त्याला बोलायची सवय दिसते.

सील तिरकं बसलंय.

३१ मार्च, संध्याकाळी ६.०५

खोली रिकामी नाही. कारण माझ्या हाताबाहेरचं. बायकोला सीलवरचा शिक्का दाखवला. तिने ड्रॉवरमधून माझा कागद काढला, सीलशेजारी धरला, आणि घडी करून परत ठेवला. यापेक्षा भांडली असती तर बरं.

१ एप्रिल

क्लास सुरू. गाडीभोवती सहा मशीनं मावली, पाच जणी दारात उभ्या. एकीने गाडीला "पाहुणे" नाव ठेवलं. पाहुणे जेवले का, पाहुण्यांचा पाय लागला, पाहुणे कधी जाणार म्हणतात? बायकोही हसली. मी गाडीभोवती दोन फुटांवर खडूची रेघ मारली. अर्ध्या तासात त्यांनी रेघेच्या आत कापड बेतायला घेतलं.

२४ एप्रिल

दारात उभ्या राहणाऱ्या पाचही जणी सोडून गेल्या. फी परत द्यावी लागली. मी म्हटलं, खरी आवड असती तर उभ्यानेही शिकल्या असत्या, मी शिकलो. बायको म्हणाली, तुम्हाला बसायला ही खोली मी दिली होती.

टाकीखाली गंजाचा ठिपका, मसुराएवढा. मला दिसतो. पुसता येत नाही.

१५ मे

रजिस्ट्रेशन ऑफिसचं पत्र. "चासी क्रमांकात फेरफार" असा शब्दप्रयोग. उत्तर पाठवलं, पाच पानं, आकृतीसह: फेरफार नव्हे, सुधारणा. आकडे तेच आहेत. खरेदीची कागदपत्रं आणि आधी काढलेले फोटो जोडले. फोटोंत जुने आकडे किती वाईट होते ते स्पष्ट दिसतं.

ठिपका वाटाण्याएवढा.

९ जून, दुपारी २

रजिस्ट्रेशन ऑफिसात सुनावणी झाली. मोठ्या मॅडम समजूतदार वाटल्या. कागद आणि फोटो त्यांना पटले. निकाल अनुकूल लागू शकला असता. तपशील सावकाश लिहीन.

बायको बाहेर बाकावर बसली होती. काय झालं विचारलं. चर्चा झाली, म्हणालो.

१२ जून

मॅडमच्या ऑफिसातून घरी पत्र आलं. मी नसताना बायकोने उघडलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाली,

"अहो, एक ओळ तर लिहायची होती."

मी तिला तत्त्वाचा मुद्दा समजावून सांगितला. तिने माझं ताट उचललं. मी अजून जेवत होतो.

१९ जून

मेहुण्याच्या घरी वरची खोली रिकामी आहे. सहाही मशीनं टेम्पोत गेली. गाडीसाठी मी नको म्हटलेला तसलाच टेम्पो, दहा मिनिटांत मिळाला. मोटर बसवलेलं मशीनही गेलं. सोडून गेलेल्या पाच जणी परत येतायत असं ऐकलं. बायको सकाळी नऊला जाते, सातला येते. जाताना मला जेवण कुठे ठेवलंय ते सांगते.

२ जुलै, सकाळी १०

खोली आता शांत आहे. गाडी आणि मी. खुर्ची आणून खडूच्या रेघेबाहेर बसतो. हात लावायला मनाई आहे, बघायला नाही. दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर गाडी कापून भंगारात देतात, असं नियमावलीत पान ३१ वर आहे. मी दोन वर्षं थांबू शकतो.

राहिलेला तपशील. ९ जूनला मॅडमनी कोरा कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ लिहायची होती: "सदर काम मी अज्ञानापोटी केले." ऑफिस स्वतः नवा नंबर ठोकणार होतं, येत्या सोमवारी सील निघणार होतं, महिन्याच्या आत नंबरप्लेट. मी पेन उचललं होतं. "सदर काम मी" एवढं लिहिलंही. मग पेन खाली ठेवलं आणि नम्रपणे नकार दिला.

दंड शंभर रुपये होता.