मान की अख्खं अंग

१२ सप्टेंबर
काडतुसं घरी परत भरायची डाय, म्हणजे पोलादी साचा, गेली! आत गंज, पुंगळ्यांवर ओरखडे. इतकी वर्षं हिनं उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची नुसती मान आवळली, अंगाला हात लावला नाही. पुंगळी माझ्याच रायफलीच्या पोटाचा आकार घेऊन बाहेर येते. तिला परत कारखान्याच्या मापात का दाबायचं?

१४ सप्टेंबर
डेल्मरनं त्याच्या बंदुकांच्या दुकानात दोन डाय पुढ्यात ठेवल्या.
"मानेची घे आणि लाड करत बस. नाहीतर अख्ख्या अंगाची घे, ऑड्राच्या रायफलीतही काडतूस बसेल."
ऑड्राकडे, माझ्या लेकीकडे, तिच्या आईची रायफल. काडतुसाची जात तीच, पोट अरुंद. माझी काडतुसं घातली की मागचा बोल्ट मिटत नाही.
"माझी रायफल चालवायला मी आहे ना!"
अख्ख्या गावाला माझे डोळे ठाऊक! ज्याच्याकडे बघावं तेच मधोमध पुसलं जातं, कडेचं तेवढं दिसतं.
काहीच न घेता परतलो.

२० सप्टेंबर
ऑड्रानं निशाण्याचा कागद लावला. मी गोळी झाडली.
"बाबा, कागद सोडून त्या पाइनवर कसला राग?"
"वारा होता."
"वारा? गवताचं पातं हललं नाही!"
दोघं हसलो. मग ती हळूच म्हणाली, "यंदा एल्क हरणाच्या शिकारीत डोंगर तुमचा, रायफल माझी. चालेल?"
मी काय नुसता वाटाड्या? रात्री जेवलो नाही धड.

२३ सप्टेंबर
अ‍ॅस्पन वृक्ष पिवळे झाले. शाळेत हाल्डिस बाईंनी शरदाची कविता पाठ करून घेतली होती, ती अजून तोंडात आहे. काडतुसं भरताना प्रेसचा दांडा मी त्याच ठेक्यावर ओढायचो. ऑड्राची आई, फर्न, स्वयंपाकघरातून ओरडायची, "कडवं चुकलं! पुंगळीत दारू दोनदा नाही ना घातलीस?"
फर्न असती तर म्हणाली असती, जा की पोरीबरोबर.

२ ऑक्टोबर
अख्ख्या अंगाची डाय आणली. डेल्मरनं कागदात गुंडाळून दिली, टोमणा मारला नाही. भला माणूस.

३ ऑक्टोबर
पहिलीच पुंगळी डायमध्ये अडकली! मानेच्या डायला कधी तेलबोट लावलं नव्हतं, हिला लागतं — विसरलो. ऑड्रा ड्रिल घेऊन आली.
"लोणी न लावता पॅनकेक टाकलात, बाबा!"
निघाली एकदाची. दुसरीला मेण चोळलं. तिच्या रायफलीत घालून बघितली — बोल्ट मिटला. माझी रायफल मात्र पुसून कपाटात ठेवली. बरंच काही आठवत राहिलं.

२६ ऑक्टोबर
उतारावर दोघं पडून. ऑड्रा कुजबुजली, "काही नाही, बाबा. चला परत." मी समोर बघितलं — मधोमध नेहमीचं धुकं. नजर जरा बाजूला वळवली, तर कडेला शिंगं हलली! कोपरानं तिला त्या बाजूची खूण केली. तिची एकच गोळी. एल्क जागच्या जागी कोसळला.
"मला आधी दुर्बिणीतूनही दिसला नव्हता! तुम्हाला कसा दिसला?"
सरळ बघितलं नाही, म्हणून!