नमुन्याचं स्वेटर

दीक्षाताई,

तुमचं मासिक बंद पडलं अन् आमचं विणकामाचं मानधन बुडालं. सगळ्याच बायांचं बुडालं, मी एकटीच काहून रडू? पण नमुन्याचं स्वेटर फोटो काढून परत देतो, असं तुमी म्हटलं होतं. अकोल्याले येऊन गेली मी. हापिसाले कुलूप, तुमचा फोन बंद. हे पत्र तरी टाकू कुठं?

कृती मात्र शेवटच्या अंकात छापून आली, खाली माझा नंबर. आता बाया तसंच पिवळं स्वेटर विणतात अन् लेकराले घालून फोटो मलेच पाठवतात. मी फोनवर एकेका लेकराचं तोंड मोठं करून पाहते.

मोर्शीच्या एकीनं काल विचारलं, "ताई, लय ढगळ होते. माप चुकलं काय? उसवू काय?"

माप बरोबर आहे, दीक्षाताई. माझी लेक पोटात होती तवा विणलं होतं, वाढत्या अंगाचं. ती दवाखान्यातून घरी आलीच नाही. ते स्वेटर घरात पाहवत नव्हतं, म्हणून तुमाले पाठवलं.

मोर्शीवालीले मी लिहिलं, "उसवू नका. लेकरू वाढते."

स्वेटरची वाट पाहणारी,
करुणा
चांदूर रेल्वे