‘ठीक ना’मधला ‘ना’

प्रिय धाकट्या,

काल तू येऊन गेलास आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. कारण शेवटी सांगते. ते कळायला आधी माझे काम कळायला हवे. ‘ताई, तू त्या कंपन्यांना शिकवतेस तरी काय?’ असे तू नेहमी चिडवतोस. संघटना-विकास हे नाव भारदस्त असले तरी काम साधेच आहे. एकत्र राबणारी माणसे कोणत्या सवयींनी बांधली गेली आहेत ते धीराने पाहायचे, त्यांचे त्यांनाच दाखवायचे आणि बदल त्यांच्याच हातून घडू द्यायचा. वरून लादलेला बदल भिंतीवरच्या फलकापलीकडे जात नाही.

सध्या मी एका कागद कारखान्यात जाते. तिथल्या बॉयलरघरात तुझ्यासारखेच बॉयलर सांभाळणारे लोक आहेत. शिफ्ट बदलताना येणारा विचारी, “सगळं ठीक ना?” जाणारा म्हणे, “ठीक.” रोज ऐकता ऐकता एके दिवशी मी त्या ‘ना’पाशी अडखळले. केवढासा शब्द, पण उत्तर त्यातच भरून ठेवलेले! समोरच्याने फक्त मान डोलवायची. ‘नाही’ म्हणायचे तर प्रश्नाशीच भांडण. आणि तिथेच वाफेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा अडकत होता. जो तो काचेवर बोटाच्या पेराने टकटक करी, काटा दचकून वर सरके, आणि माणूस पुढच्या कामाला लागे. सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच कोणी बोलत नव्हते. काटा दाखवतो त्याहून आत किती वाफ कोंडली असेल! मी तडक मॅनेजरांना सांगितले, गेज त्याच दिवशी बदलले. पण उद्या दुसरे काही अडकले तर?

म्हणून सर्वांना बसवून आम्ही तो प्रश्नच बदलला. आता येणारा विचारतो, “आज कशाची धास्ती वाटते?” पहिल्या दिवशी फोरमन म्हणाले, “मला फक्त बायकोची,” आणि सगळे खो खो हसले. मॅनेजर मात्र हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “मला सेफ्टी व्हॉल्व्हची वाटते. त्याची तपासणी मीच पुढे ढकलत आलोय.” साहेबालाच भीती वाटते म्हटल्यावर एकेकाची जीभ सैल झाली. हल्ली तिथे शिफ्ट बदलायला वेळ लागतो, आणि त्या उशिराचा मला कोण आनंद होतो!

काल निघताना किती वाजले ते पाहायला तू माझ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळापाशी गेलास. वेळ पाहण्याआधी काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलेस. तुझी लेक हसली, म्हणाली, “बाबा घरीपण असंच करतात.” तुला ते जाणवलेही नाही. मी घाबरून दारापर्यंत आले आणि काय विचारले? “सगळं ठीक ना?” तू म्हणालास, “ठीक.” फोन केला तर माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल आणि तू हसून विषय बदलशील, म्हणून हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देते आहे. दुपारच्या शिफ्टला निघण्याआधी वाच. धाकट्या, आज तुला कशाची धास्ती वाटते? उत्तर मला नको. बॉयलरला हात लावण्याआधी ते तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांग.

घड्याळ बरोबर चालते आहे, पण मला त्याच्याकडे बघवत नाही.

तुझीच,
ताई