पाचवं कलम

ता. १०, मंगळवार

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. बारा वर्षं साठलेत, शिळे लागले तर चालवून घे. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनीही बरी आहे.

कारखाना विकला गेल्याचं तुझ्या कानी आलंच असेल. पाटी बदलली, भट्टी तीच. काच निवताना नारिंगीची गडद लाल होते, तेव्हा मला अजून आपल्या शाळेची संध्याकाळची खिडकी दिसते. मी तुझ्याकडून कविता म्हणून घ्यायचो, तू हमखास एक ओळ गाळायचास आणि माझी टपली खायचास.

जेवणाच्या सुट्टीत कुठलाही कागद आला की मीच मोठ्यानं वाचतो, ही आमची जुनी रीत; म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. नव्या मालकाचा कागद दोन तारखेला आला. ‘आपण एक कुटुंब’ वगैरे. भाषा काय गोड होती! मी चाल लावूनच वाचला. शेवटचा मजकूर बारीक आणि रुक्ष होता, चष्मा कपाटात होता. ‘बाकी नेहमीचंच,’ म्हणालो. भट्टीवाला हसला, ‘मास्तरांनी वाचलं म्हणजे दगडावरची रेघ!’ आधी मी सही केली, मग एक्केचाळीस जणांनी.

वहिनी बरी आहे, हे खोटं लिहिलं.

काल तिला रक्त शुद्ध करायला दवाखान्यात नेलं. खिडकीतली बाई म्हणाली, ‘आजोबा, तुमचं कामगार विम्याचं कार्ड बंद आहे. नव्या कामगाराला सहा महिन्यांनी लागू होतं.’ म्हटलं, ‘नवा? अहो, तेहतीस वर्षं झाली!’ तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. रुजू : दोन तारीख.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं. पाचवं कलम : मागील सेवा स्वखुशीने संपवली, नवी सेवा आजपासून. हरकत दहा दिवसांत लेखी कळवावी. म्हणजे परवापर्यंत. उपचाराशिवाय ती आठवडा काढेल का, हे डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

मालक बदलला म्हणून नोकरी तुटत नाही, असं तू युनियनमध्ये ओरडून सांगायचास. ते खरं ना रे? सही मागे घेता येते ना? तुला काढलं तेव्हाही जुन्या मालकानं पुढे केलेल्या कागदावर मी सही केली होती. तू एवढंच म्हणालास, ‘दादा, कागद चाल लावून वाचू नकोस.’ मी तुला अरसिक म्हणालो.

कारखान्यात अजून कुणाला ठाऊक नाही. भट्टीवाल्याची मुलगी बाळंतपणाला आलीय, तो कार्डाच्या भरवशावर निर्धास्त आहे. सकाळी त्यानं माझ्या डब्यात गुळाचा खडा टाकला. तो मी तसाच पुडीत बांधून ठेवलाय.

उद्या सुट्टीत मी फाटकापाशी उभा राहून पाचवं कलम वाचणार आहे. सरळ, चालीशिवाय. त्यांचे चेहरे आत्ताच डोळ्यांपुढे येतात.

पत्र स्टोअरकीपरच्या हाती देतोय. उत्तर लिहीत बसू नकोस. आत तुला मज्जाव आहे, पण एक वाजता फाटकाबाहेर उभा राहा. मी ओळ गाळली, तर तिथूनच ओरड.

नव्या मालकाच्या दप्तरी नऊ दिवसांचा कामगार,
तुझा दादा