गेणबाला माझ्यातलं काही मिळू नये म्हणून

लिहून ठेवणार : भीमराव सिद्धू देवकाते, वय एकोणसत्तर, धंदा शेती व लेखन (दुसऱ्या धंद्याची गावाला कल्पना नाही), राहणार पिंपळी, तालुका बारामती, जिल्हा पुणे.

डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. कोणी पाजलेली नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. माझ्या माघारी भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. राजी आहे, खुशीचे पुढे येईलच.

१. पिंपळीचे घर, भांडीकुंडी व दुभती म्हैस पत्नी प्रयागबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी उठवू नये. ओट्यावरची माझी खुर्चीही तिचीच. मात्र पाहुण्यांना ती दाखवून "हितंच बसून गेणबा लिवायचे" असे सांगू नये. तिथे बसून मी लिहायचो.

२. गेणबा कोण, हे कोर्टाला कळावे म्हणून खुलासा. या नावाचा इसम जन्मलेला नाही. 'डिपॉझिट गेलं, मी राहिलो' ही माझी विनोदी कादंबरी. प्रत्येक निवडणुकीत हौसेने पडणाऱ्या गेणबाचे ते आत्मचरित्र, म्हणून सगळीकडे "मी, मी" करून लिहिले आणि तेच भोवले. प्रकाशकाने गेणबाला मुखपृष्ठावर ढब्ब्या अक्षरांत छापले आणि मला मागच्या बाजूला, किमतीच्या खाली. लोकांनी तो खराच धरला. इंदापूर तालुक्यातील भिगवणला सत्कार ठेवला, तर फ्लेक्सवर "मा. गेणबा यांचे सहर्ष स्वागत". मी गाडीतून उतरलो, तर आयोजक माझ्या मागे आत डोकावून म्हणाला, "सायेब आलं न्हाईत का?" मला लेखनिक म्हणून शाल घातली आणि तळलेल्या माशांचे पार्सल गेणबासाठी दिले. ते मी वाटेतच खाल्ले. कोऱ्हाळे बुद्रुकच्या गोजरबाई तर सांगत फिरतात, "गेणबा माझा चुलत दीर हाय. परवाच्या लग्नात जेवला की माझ्या पंगतीला." मला त्या लग्नाचे निमंत्रणही नव्हते.

३. उसाची जमीन, विहिरीतील हिस्सा व कारखान्याचा शेअर मुलगा दीपक यास. सभासदाची दिवाळीची साखर त्याने आईला पोच करावी. पुस्तकाचे हक्कही दीपककडे. अट एवढीच, की पुढच्या आवृत्तीत माझे नाव गेणबापेक्षा मोठे छापावे. प्रकाशक ऐकत नसेल तर आवृत्तीच काढू नये.

४. पुस्तकात गेणबाला हुलग्याचे शेंगोळे आवडतात असे मी सहज लिहून गेलो. तेव्हापासून आमच्या घरी दर सोमवारी शेंगोळे. मला हुलग्याने पित्त होते, हे प्रयागला लग्नापासून ठाऊक आहे. "गेणबाला आवडत्यात," म्हणते आणि वाढते मला. माझ्या तेराव्याला हा पदार्थ करू नये.

५. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला मी खराखुरा उभा राहिलो आणि थोडक्यात पडलो. मोजणीला मी समोरच होतो. बाद झालेल्या मतपत्रिकांवर शिक्का नव्हता, पेनाने लिहिले होते, "गेणबा". ती मते मला पडती तर आज मी संचालक असतो. त्यातल्या एकीवरचे अक्षर ओळखीचे वाटले. प्रयागही सभासद आहे. घरी येऊन विचारले, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "व्हय, मीच लिवलं. गेणबा पडला तरी हासतो. तुमी पडला की आठ दिस तोंड पाडून बसता."

गेणबाच्या तोंडचा शब्दन्‌शब्द माझा. पण तेच मी जेवताना बोललो, की ती म्हणते, "कालवण गार होतंय, जेवा." आणि पुस्तक हाती घेतले की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. आख्ख्या संसारात मी तिला इतके कधी हसवले नाही. मी त्याच्यावर जळतो. कायद्याच्या कुठल्या कलमात हे बसत नाही, तरी लिहून ठेवतो.

६. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की मयताची काय इच्छा राहिली म्हणून जो तो हात जोडून शब्द देतो. "गेणबाचा दुसरा भाग काढू", "गेणबाच्या नावानं वाचनालय काढू" असले शब्द कोणी देऊ नयेत. आलेला कावळाही उडून जाईल. फक्त प्रयागने पुढे व्हावे आणि म्हणावे, "मला तुमीच आवडत व्हता, गेणबा न्हाय." खोटे असले तरी चालेल.

वरील सर्व कलमे प्रयागला वाचून दाखवली. शेवटच्या कलमाला तिने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "म्हणीन की. पण हळू म्हणीन. गेणबाला वाईट वाटंल."

यावर मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. कलमांत बदल केलेला नाही.

सही : भीमराव सिद्धू देवकाते

साक्षीदार :
१. अप्पा मारुती टकले, पिंपळी
२. रविराज जयवंता कोकरे, बारामती
(दोघांनीही पुस्तक वाचलेले नाही. चौकशी करूनच निवडले.)

ठिकाण : पिंपळी, ता. बारामती
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५